काशीनाथरावांच्या टीव्हीचं गोत्र

निळी खाच एक असते, पिवळ्या चार.

गोपाळ सुतारानं टीव्हीमागच्या फळीला बेचाळीस स्क्रू मारले.

पोखर्णीकरांचं गोत्र कौंडिण्य.

पाणी चढाला जात नाही.

“यानंतरच्या गायिका आहेत सुमन पोखरणकर.”

नर्मदाबाईंचा उजवा कान गेलेला आहे. डावा आहे, पण तो त्यांच्या मर्जीनं चालतो.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, असं बुधवारी सकाळी काशीनाथ पोखर्णीकरांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. काशीनाथराव गेल्याच वर्षी विद्यापीठातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. तेहेतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही असंबद्ध कागद पुढं सरकला नव्हता. सरकला नव्हता म्हणजे बरेचसे संबद्ध कागदही सरकले नव्हते, पण तो विषय वेगळा.

बुधवारी झालं एवढंच की सोनपेठहून अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे नर्मदाबाई, सुमंगलाबाईंची थोरली बहीण. आणि सुमंगलाबाई म्हणजे काशीनाथरावांच्या पत्नी. अक्का फोनवर ओरडूनच बोलतात.

“रविवारी येते गं! सोमवारी तिथूनच हैदराबादची गाडी! आता पोराकडंच राहायचं मला! डॉक्टर म्हणला, डावा कान बी वरीसभराचाच पाहुणा हाय!”

एवढं सांगून अक्कांनी फोन ठेवला. समोरून काय उत्तर येतं ते त्यांना ऐकू येत नसल्यामुळं थांबण्यात अर्थ नव्हता.

सुमंगलाबाईंनी मेथीची जुडी पुढं ओढली. अर्धी निवडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अक्कानं माझं गाणं ऐकलंच न्हाई हो कधी.”

हे गाणं नोव्हेंबर १९८७चं. त्यांच्या आईनं रचलेलं, पूर्णेच्या पाण्याबरोबर माहेरी सांगावा धाडणाऱ्या मुलीचं. दोघी बहिणी लहानपणापासून ते जोडीनं म्हणायच्या. रेडिओवर गाण्यासाठी चाचणी झाली तेव्हा पत्र दोघींनाही आलं होतं. अक्कांच्या सासऱ्यांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. सुमंगलाबाई एकट्याच गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला गाणं लागलं. पुढं पंधरा दिवसांनी भेट झाली तेव्हा अक्का म्हणाल्या, “त्या वक्ताला आमच्याकडं लाइट गेली होती बाई.” सुमंगलाबाईंनी “बरं” म्हटलं. तो विषय तिथं संपला आणि संपून पस्तीस-छत्तीस वर्षं तसाच बसून राहिला.

काशीनाथरावांनी त्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर धरून गाणं कॅसेटवर घेतलं होतं. श्वास रोखून. दुसऱ्या कडव्यात मात्र श्वास त्यांच्या हातात राहिला नाही आणि ते खोकले. तो खोकला कॅसेटवर आहे. पण कॅसेट कुणालाच ऐकवली गेली नाही, आणि त्याला कारण खोकला नव्हतं. कारण होतं निवेदक. त्या भल्या माणसानं “सुमंगला पोखर्णीकर” हे नाव “सुमन पोखरणकर” असं वाचलं. आयुष्यात एकदाच आपलं नाव हवेत गेलं आणि तेही दुसऱ्याच बाईचं, हे सुमंगलाबाईंच्या मनाला फार लागलं. ही गोष्ट नवराबायको सोडून तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हती. अलीकडं पुण्याला असणाऱ्या लेकीला, अर्पिताला, कळली, कारण तिनं कॅसेटवरून गाणं काढून काशीनाथरावांच्या फोनमध्ये पाठवलं. तिलाही शपथ घातलेली आहे.

“गाणं फोनमध्ये आहे,” काशीनाथराव म्हणाले. “हॉलमध्ये टीव्ही आहे. टीव्हीखाली साउंडबार आहे, तो लावला की फडताळातली भांडी वाजतात. रविवारी अक्का ऐकतील.”

“ऐकतील का?”

“ऐकतील म्हणजे ऐकतील.”

हे वाक्य बोलताना समोर माणिकराव नसते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण समोरच्या घरातले माणिकराव रोज सकाळी पेपर परत करायला येतात, आणि ते दारातच उभे होते. शब्द गल्लीत गेला.

*

इथं वाचकांच्या मनात जे येतं आहे ते बुधवारी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीच्या मनात येऊन गेलं होतं, म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

फोन अक्कांच्या कानाला का लावत नाही? कारण कानातलं मशीन फोन जवळ आला की शिट्टी मारतं, आणि मशीन काढलं तर अक्कांना शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

पेनड्राइव्ह का लावत नाही? कारण गोपाळ सुतार. टीव्हीच्या मागं सागवानी रंगाची फळी बसवताना गोपाळनं टीव्ही असा काही चपखल बसवला की बाजूच्या आणि मागच्या सगळ्या खाचा फळीच्या पोटात गेल्या. “मुंगी बी जाणार न्हाई साहेब,” असं तो अभिमानानं म्हणाला होता. बेचाळीस स्क्रू. त्यांतल्या अकरांची डोकी त्यानं पिळून गुळगुळीत केलेली आहेत.

गाणं इंटरनेटवर टाकून टीव्हीवर का लावत नाही? कारण सुमंगलाबाई म्हणाल्या, “माझा आवाज जगाला ऐकवायचा न्हाई. अक्काला ऐकवायचाय.”

साउंडबार जुना, त्याला ब्लूटूथ ठाऊक नाही. राहता राहिला एकच मार्ग. फोनवर बोट ठेवायचं आणि गाणं हवेतून टीव्हीवर पाठवायचं. अर्पिताच्या घरी काशीनाथरावांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सोफ्यावरून उठतही नाही.

त्यांनी वरच्या खोलीत बसून बोट ठेवलं. फोन थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला: एकही उपकरण सापडले नाही.

“अरे, खालीच आहे,” काशीनाथराव फोनला म्हणाले.

*

विषय : फोन व टीव्ही यांचा परस्परसंपर्क न होणेबाबत.

टिपणी : सविनय सादर. घरात इंटरनेटचे दोन डबे आहेत. खालचा डबा केबलवाले श्री. महारुद्र यांनी बसविला असून त्याला फक्त तारा जोडता येतात. टीव्हीचे स्वतःचे वायफाय गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हापासून मृत असल्याने टीव्ही, फळी बसण्यापूर्वीच, त्या डब्यास तारेने जोडलेला आहे. वरचा डबा खालील सहीकर्त्याने बाजारातून आणून स्वहस्ते बसविला. खालून एक तार वर नेऊन त्यात खुपसली असून त्यातून वायफाय निघते. फोन त्यावर चालतो. टीव्हीवर इंटरनेट येते. फोनवर इंटरनेट येते. तथापि उभयतांत ओळख नाही. आदेशार्थ सादर.

टिपणीखाली आदेश द्यायला वरिष्ठ कुणी नव्हतं, हा निवृत्तीचा तोटा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला. त्यांनी अर्पिताला फोन केला.

“बाबा, दोन्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत.”

“एकाच घरात आहेत.”

“घर नाही बाबा. नेटवर्क.”

“तार एकच वर आलीये गं, माझ्या हातानं ओढलीये.”

“बाबा, मला मीटिंग आहे. महारुद्रकाकांना बोलवा.”

महारुद्र पूर्णेला कुणाच्या तरी मुंजीला गेला होता आणि सोमवारशिवाय येणार नव्हता. काशीनाथरावांनी ठरवलं की आपणच करायचं. ज्या माणसानं सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करून घेतली आहे, त्याला जगात काही अशक्य नसतं.

*

माणिकराव येलदरीच्या वीजघरात होते. अठ्ठावीस वर्षं धरणाच्या पाण्याकडं बघितल्यामुळं त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट पाण्यासारखी दिसते: सून, महागाई, बद्धकोष्ठ, सगळंच. गुरुवारी ते जिन्यात उभे राहून दोन्ही डबे निरखत होते.

“काशीनाथराव, पाणी चढाला जात न्हाई. तुमचा टीव्ही खाली, फोन वर. खालून वर कसं चढंल?”

“अहो, गाणं वरून खाली यायचंय.”

माणिकरावांनी पुन्हा दोन्ही डब्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, “तर मग मधी कुठंतरी गेट बंद हाय.”

काशीनाथरावांनी ते हसण्यावारी नेलं. इथं नमूद करून ठेवायला पाहिजे, की त्या पाच दिवसांत कुणीही उच्चारलेलं हे एकमेव बरोबर वाक्य होतं.

“आमच्या वायफायवर चालतं का बघा बरं,” माणिकराव म्हणाले. “गल्ली वलांडून येतंय की ते.” त्यांनी पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या नातवाचं नाव आणि धरणाची पातळी असा होता. काशीनाथरावांनी तो घातला, पाच मिनिटं पाहिलं, उपयोग झाला नाही. माणिकरावांचं वायफाय माणिकरावांच्याच घरचं, त्याला पोखर्णीकरांचा टीव्ही काय माहीत. आणि माणिकरावांचा स्वतःचा टीव्ही त्या वेळी बंद होता. ते पुन्हा आपल्या वायफायवर आले आणि ही गोष्ट विसरले. फोन विसरला नाही.

शुक्रवारी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वायफायचं नाव काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे असं होतं. टीव्हीचं नाव तिसरंच. दोघं एका घरचे आहेत हे एकमेकांना कळणार कसं? त्यांनी वायफायला ‘पोखर्णीकर’ नाव दिलं आणि टीव्हीलाही ‘पोखर्णीकर’ नाव दिलं. दोन्ही बंद करून चालू केले. हात जोडले. बोट ठेवलं.

एकही उपकरण सापडले नाही.

“राहू द्या हो,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं न्हाई ऐकलं, त्यानं काय अडलं?”

पण हे म्हणताना त्यांचं लक्ष पोळीकडं नव्हतं. पोळी करपली. काशीनाथरावांनी ती करपलेली पोळी मुकाट खाल्ली आणि जिना चढून वर गेले.

*

शनिवारी माणिकरावांच्या पत्नी कमलबाई वाटीभर लोणचं घेऊन आल्या. कमलबाई लग्नं जमवतात. आजपर्यंत सत्तेचाळीस जमवली, त्यांतली शेहेचाळीस टिकली, आणि सत्तेचाळिसाव्यात मुलाकडच्यांनी वय चोरलं होतं.

“आडनाव एक केलं म्हणून काय होतंय भावजी?” त्या म्हणाल्या. “देशपांडे गावोगाव पडलेत. गोत्र पाहा, गोत्र.”

त्या गमतीनं म्हणाल्या. पण काशीनाथराव उठून उभे राहिले. त्यांनी टीव्हीच्या सेटिंगच्या पोटात शिरून त्याचा नेटवर्कवरचा नंबर शोधून काढला. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, शून्य, सात. मग फोनचा काढला. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक, बारा. पहिले दोन आकडे सारखे. तिसरा वेगळा.

“गोत्र वेगळं आहे!” ते ओरडले. “टीव्ही शून्य गोत्राचा. फोन एक गोत्राचा!”

“मग तर सोयरीक होते की,” कमलबाई म्हणाल्या.

इथंच सगळा घोळ होता, आणि काशीनाथरावांनी त्या रात्री अंथरुणावर पडून त्यावर गंभीर चिंतन केलं. माणसांत सगोत्र चालत नाही. यंत्रांत सगोत्र असल्याशिवाय तोंडओळखसुद्धा नाही. ऋषींनी जे निषिद्ध मानलं ते कंपन्यांनी सक्तीचं केलं. ठीक आहे. पण जुळवायचंच, तर एकटं गोत्र कशाला? अर्धवट काम कचेरीत चालत नाही. गुण जुळवायचे तर छत्तीसच्या छत्तीस.

रविवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून, कोरा शर्ट घालून, फोनला टीव्हीचाच नंबर दिला. शून्य, सात. पूर्ण. हुबेहूब. एकाच वाफ्यातली दोन रोपं असावीत तसं.

जाणकार इथं डोकं धरतील. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की सोनपेठच्या बाजारात एकाच पावतीवर दोघांनी एकच बैल आपला म्हणून सांगितला तर जे होतं, ते झालं. त्यातून फोन राहत होता वरच्या डब्यात आणि नंबर लावला होता खालच्याचा. वरच्या डब्यानं फोनशी बोलणंच टाकलं. इंटरनेट गेलं. मग त्या बिचाऱ्या फोननं आजूबाजूला पाहिलं, ओळखीचं घर शोधलं, आणि काशीनाथरावांना न विचारता गुपचूप माणिकरावांच्या वायफायवर जाऊन बसला.

*

अक्का अकराच्या एसटीनं आल्या. हातात पिशवी, पिशवीत पेढे, कानात मशीन. हॉलमध्ये त्यांना टीव्हीसमोर मधोमध बसवलं.

“कशापायी एवढ्या जवळ बसवताय? शिनेमा दाखवताय का?”

“बस गं अक्का,” सुमंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि हातातली भज्यांची ताटली उगीचच सारखी करत होत्या.

काशीनाथराव वरच्या खोलीत होते. बोट ठेवलं. फोन विचारात पडला. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिथं एक ओळ उमटली: लिव्हिंग रूम टीव्ही.

‘पोखर्णीकर’ का नाही, असा प्रश्न एका दक्ष हेडक्लार्काला पडायला पाहिजे होता. पडला नाही. विजयाच्या क्षणी माणूस टिपणी वाचत नाही.

“लावतो हो!” ते जिन्यातून ओरडले.

त्यांनी दाबलं. आवाज पूर्ण चढवला.

हॉलमध्ये काहीच झालं नाही. टीव्ही काळा. अक्का टीव्हीकडं, सुमंगलाबाई जिन्याकडं, जिना कुणाकडंच नाही.

आणि मग समोरच्या घरातून, गल्ली दणाणून सोडत, एक पुरुषाचा आवाज आला: “यानंतरच्या गायिका आहेत सुमन पोखरणकर!”

सुमंगलाबाईंच्या हातातल्या ताटलीतलं एक भजं खाली पडलं.

समोर कमलबाईंच्या हॉलमध्ये त्या वेळी अठ्ठेचाळिसावं लग्न जमत होतं. जिंतूरची मुलाकडची मंडळी पोहे हातात धरून बसली होती. आवाज बंद करून टीव्हीवर क्रिकेट लावलेलं होतं. त्या टीव्हीला अचानक कंठ फुटला. मुलाच्या आजोबांना वाटलं, मुलगी गाते असं सांगितलं होतं ते हेच. त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली.

काशीनाथराव फोन डोक्यावर धरून जिना उतरले, हे दृश्य चांगलं नव्हतं. पाठोपाठ सुमंगलाबाई आल्या. एका हातानं त्यांनी अक्कांचं मनगट धरलं होतं.

“कुठं नेतीस? काय झालं?”

“चल तू!”

त्या पोचल्या तेव्हा गाणं संपत आलं होतं. माणिकराव रिमोटची सगळी बटणं दाबत होते. “बंदच होईना! गेट उघडंच राहिलंय जणू!”

“बंद करू नका,” सुमंगलाबाई म्हणाल्या. त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की माणिकरावांचं बोट रिमोटवरून निघालं. “माझं गाणं आहे ते. अक्काला ऐकवायचंय. अहो, पहिल्यापासून लावा.”

जिंतूरच्या आजोबांनी सरकून अक्कांना टीव्हीजवळ जागा दिली. अक्कांनी डावा कान पुढं केला, मशीन बोटानं चाचपलं. काशीनाथरावांनी गाणं पुन्हा सुरू केलं. आधी थोडी खरखर. अक्का हसल्या आणि शेजारच्या कमलबाईंना म्हणाल्या, “आता बघा, नावाचं कसं वाट्टोळं करतंय ते. सुमन म्हणतंय मेलं.”

“यानंतरच्या गायिका आहेत सुमन पोखरणकर!”

सगळे खो-खो हसले. काशीनाथराव हसले नाहीत. त्यांनी बायकोकडं पाहिलं. सुमंगलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

पूर्णेच्या पाण्या रं, थांब जरा घाटाला,
सांगावा धाडते मी आईच्या वाटेला…

अक्का ओठ हलवत होत्या. आधी नुसते ओठ, मग हळूहळू आवाजही, सुमंगलाबाईंच्या सुरापेक्षा जरा खाली, जिथं दुसऱ्या बहिणीचा सूर असायचा तिथं. जिंतूरच्या मंडळींनी पोहे बाजूला ठेवले. दुसरं कडवं आलं. आणि त्या कडव्याच्या मध्यात, छत्तीस वर्षांपूर्वीचे तरुण काशीनाथराव खोकले.

अक्का गायच्या थांबल्या.

“हे कोण खोकलं मधीच?” त्या म्हणाल्या. “हे न्हवतं तवा.”

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येण्यासारखं नव्हतंही. सुमंगलाबाई भिंतीपासून निघाल्या, अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी अक्कांच्या खांद्यावरून घसरलेला पदर वर सरकवला.

“ह्यांचा खोकला आहे तो, अक्का,” त्या म्हणाल्या. “लय वर्षांचा आहे. तू म्हण पुढं.”

*

सोमवारी अक्का हैदराबादला गेल्या. संध्याकाळी महारुद्र आला. त्यानं वरचा डबा उलटा केला, निळ्या खाचेतली तार उपटली आणि शेजारच्या पिवळ्या खाचेत घातली.

“निळ्या खाचेत घातली की हा डबा स्वतःचं येगळं राज्य मांडतो साहेब. येगळे नंबर वाटतो, आन् इकडची हाक तिकडं जाऊ देत न्हाई. पिवळ्यात घातली की गुमान खालच्याच्या हाताखाली काम करतो.” मग त्यानं डब्याची नंबर वाटायची सवय बंद केली आणि फोनला त्याचा स्वतःचा नंबर परत मिळवून दिला.

“बस?” काशीनाथरावांनी विचारलं.

“बस.”

“म्हणजे गेटच बंद होतं.”

“तसंच समजा.”

फोनवर ओळ उमटली: पोखर्णीकर. काशीनाथरावांनी दाबलं. हॉलमध्ये गाणं लागलं, फडताळातली भांडी वाजली. अक्का बसल्या होत्या ती जागा रिकामी होती. सुमंगलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन पूर्ण ऐकत उभ्या राहिल्या. निवेदकासकट.

“अहो,” त्या शेवटी म्हणाल्या, “तो तुमचा खोकला काढता येतो का हो त्यातनं?”

काशीनाथरावांनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘विषय : खोकला.’

नोव्हेंबर १९८७मध्ये अक्कांच्या सोनपेठच्या घरात जो रेडिओ होता, तो चार सेलांवर चालायचा.